पट्टा नवाच राहतो

भाड्याने दिलेली हाय चेअर परत आली की मी आधी तिचा पट्टा बघते. गादी, ट्रे, चाकं नंतर. गादीवर वरणभाताचे पिवळे डाग असतात, ट्रेवर चमचा आपटून पडलेले चरे असतात, पाय टेकवायच्या पट्टीवरचा रंग उडालेला असतो. म्हणजे खुर्ची रोज वापरात होती. पट्ट्याचं मात्र वेगळंच. नवी कोरी दिलेली खुर्ची सहा महिन्यांनी परत येते तेव्हा खांद्यावरून यायचे त्याचे दोन्ही पदर कारखान्यातून आले तसेच पाठीमागे प्लास्टिकच्या टायने आवळलेले असतात. बकलवर ओरखडा नसतो. खुर्ची जुनी होते, पट्टा नवाच राहतो.

ठाण्यात माझा एक गाळा आहे. बाऊन्सर, हाय चेअर, पाळणे, बाबागाड्या मी भाड्याने देते. बाळाला या वस्तू काही महिनेच लागतात आणि वन बीएचकेमध्ये त्या नंतर ठेवायच्या कुठे हा प्रश्न असतो, त्यावर हा धंदा चालतो. परत आलेली वस्तू आमच्या मावशी धुतात, मी स्क्रू, स्प्रिंगा आणि शिवण तपासते. घेताना गिऱ्हाईक काय बोलतं ते मी ऐकलेलं असतं. घरी प्रत्यक्ष काय झालं ते वस्तू परत आल्यावर कळतं. दोन्हींचा मेळ क्वचितच बसतो.

पट्टा का नाही लावला म्हणून विचारलं तर उत्तरं ठरलेली. ‘बाळ रडतं हो, बांधल्यासारखं वाटतं त्याला.’ ‘ताई, मी समोरच बसलेली असते की.’ आणि सगळ्यांत ठाम आवाजात येणारं, ‘पुढे ट्रे आहे ना!’ या शेवटच्याला मी दुकानातच उत्तर देते, कारण ते डोळ्यांनी दाखवता येतं. ट्रे ताटासाठी असतो, बाळाला अडवण्यासाठी नव्हे. कंटाळलेलं बाळ बैठकीवरून हळूहळू खाली घसरतं. आधी पाय, मग कुल्ले ट्रेखालून बाहेर येतात, धडही निघतं. डोकं तेवढं मोठं असल्यामुळे ट्रे आणि बैठकीच्या फटीत अडकतं आणि सगळं वजन मानेवर येतं. हे होऊ नये म्हणून दोन पायांच्या मध्ये खुंटी असते. अमेरिकेत हाय चेअरसाठी २०१८ साली जो सक्तीचा नियम झाला, त्यात ही खुंटी पट्ट्यावर अवलंबून नसावी, आईबाप पट्टा विसरले तरी ती जागेवर असावी, अशी अपेक्षा आहे. नियम करणाऱ्यांनीही माझ्यासारखेच नवे कोरे पट्टे पाहिले असणार.

म्हणून खुर्ची निवडताना मी पहिली खूण हीच सांगते. मधली खुंटी बैठकीला किंवा ट्रेला पक्की जोडलेली आहे ना? नुसती कापडी पट्टी असेल तर ती खुर्ची ठेवून द्या. मग पट्टा. कमरेचा आणि पायांमधला असा तीन ठिकाणी धरणारा पट्टा चालतो, पण वर खांद्यांचेही दोन पदर असलेला, पाच ठिकाणी धरणारा असेल तर उत्तम. घसरण्याला खुंटी पुरते. उभं राहण्याला खांद्याचा पट्टाच लागतो. आठ-नऊ महिन्यांचं बाळ एक दिवस ट्रेवर दोन्ही हात रोवून उभं राहतं. आदल्या दिवशी ते उभं राहत नव्हतं, म्हणून घरात कुणी सावध नसतं. ओहायोतल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी २००३ ते २०१० या काळातल्या अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या. हाय चेअर किंवा तशा आसनांमुळे दुखापत होऊन इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आणलेल्या मुलांचा आकडा वर्षाला सरासरी ९,४०० च्या वर निघाला. बहुतेक सगळी पडलेली होती. पडण्याआधी मूल काय करत होतं याची नोंद जिथे होती, तिथल्या दोन तृतीयांश घटनांमध्ये ते खुर्चीत उभं राहत होतं किंवा चढत होतं.

‘मी समोरच असते’ याला माझ्याकडे दुकानात दाखवण्यासारखं काही नाही. कुकरची तिसरी शिट्टी होते, आई मान वळवते. एवढंच सांगते.

पडण्याचा आणखी एक प्रकार आमच्या घरांमध्ये खास होतो, कारण आमची घरं अरुंद. खुर्ची भिंतीला किंवा डायनिंग टेबलाला खेटून ठेवतात. बाळाचा तळवा टेबलाच्या कडेला टेकला की ते जोर लावून स्वतःला मागे ढकलतं आणि खुर्ची बाळासकट पाठीवर जाते. खालची फरशी गुळगुळीत. मी डिलिव्हरीला स्वतः गेले तर खुर्ची कुठे ठेवणार ते विचारते आणि बाळाचा पाय कशाकशाला पोचतो ते बघते. गॅसचा ओटा, लोंबणारा टेबलक्लॉथ, मिक्सरची वायर, खिडकीचं ग्रिल, सगळं त्याच नजरेने. चाकांच्या खुर्च्या लोकांना फार आवडतात, मला नाही. चाकं असलीच तर त्यांना लॉक हवेत आणि ते बाळ बसवण्याआधी लागायला हवेत. पाय खाली जितके फाकलेले तितकी खुर्ची स्थिर. दुकानात एका हाताने खुर्चीची पाठ धरून मागे झुकवून बघा, दुसरा हात खाली धरायला ठेवा. लगेच कळतं.

आता बाऊन्सर. याच्याबद्दल मला जास्त बोलावं लागतं, कारण हाय चेअर घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि बाऊन्सर घेतला जातो तोच मुळी डोळ्यांना जरा विश्रांती मिळावी म्हणून. घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या पंचविसाव्या मजल्यावर दिवसभर एकटी असलेली बाई, तीन महिन्यांचं बाळ, सासू गावाला, नवरा ऑफिसात. तिला अंघोळ करायची आहे. तिने बाऊन्सर बाथरूमच्या दारात कोरड्या फरशीवर ठेवला, बाळाला पट्टा लावला, दार उघडं ठेवून पाच तांबे अंगावर घेतले, तर त्यात वावगं काही नाही. त्याचसाठी ती वस्तू आहे. स्वीडनमधली बेबीब्योर्न ही कंपनी १९६१ साली सुरू झाली ती अशाच एका आसनापासून. तेव्हापासून कापड, स्प्रिंग, संगीत, कंपन असं बरंच काही त्याला चिकटलं, मूळ उपयोग मात्र बदललेला नाही. जागं बाळ, थोडा वेळ, नजरेसमोर.

फोनवर मला विचारतात ते वेगळंच. ‘यात बाळ किती तास झोपतं?’

हा प्रश्न आला की मी भाड्याचं बोलणं बाजूला ठेवते. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मानेचे स्नायू कच्चे. तिरक्या आसनात ते झोपलं की डोकं पुढे येतं आणि हनुवटी छातीला टेकते. बाळाची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते, मान अशी मोडली की वाट चिंचोळी होते. मोठ्या माणसाला गुदमरलं तर तो जागा होतो, मान वर करतो. बाळाला ते जमेलच असं नाही. आणि यात आवाज होत नाही, बाळ रडत नाही. लांबून बघणाऱ्याला ते शांत झोपलेलंच दिसतं.

अमेरिकेत यावरून मोठं प्रकरण झालं. फिशर-प्राइसचं रॉक अँड प्ले नावाचं तिरकं झोपवायचं आसन २००९ साली बाजारात आलं आणि घरोघरी गेलं. त्याचा उतार ३० अंशांचा होता. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने सुमारे ४७ लाख आसनं परत मागवली, तेव्हा ३० हून जास्त बाळांचे मृत्यू त्यांच्याशी जोडले गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने लोकांना पुन्हा बजावलं, तोपर्यंत मृत्यूंच्या नोंदी १०० च्या आसपास गेल्या होत्या. त्यातल्या प्रत्येक मृत्यूचं कारण आसनच होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण कायदा व्हायला तेवढं पुरलं. २०२२ च्या कायद्याने १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली बाळांना झोपवायची साधनं तिथे बंद झाली. बाऊन्सर त्या कायद्यात बसत नाही, कारण तो झोपेसाठी विकलाच जात नाही. आपण तो झोपेसाठी वापरला तर मात्र बाळाच्या मानेच्या दृष्टीने काही फरक उरत नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं साधं आहे. बसायच्या आसनात बाळ झोपलं तर शक्य तितक्या लवकर उचलून सपाट, टणक अंथरुणावर उताणं निजवा.

आमच्याकडे हे का सांगावं लागतं? कारण न्यू जर्सी, बे एरिया इथून सामान येतं. भाचीचं बाळ मोठं झालं, वस्तू चांगली आहे, बॅगेत घालून पाठवली. लोक ती माझ्याकडे विकायला किंवा दुरुस्तीला आणतात. मी मॉडेलचा नंबर आणि तारखेचं लेबल बघते, त्या आयोगाच्या संकेतस्थळावर नंबर टाकते आणि मगच बोलते. लेबल फाडलेलं असेल तर वस्तू घेत नाही. तिरक्या झोपायच्या आसनांना तर मी हातच लावत नाही. तुम्हीही जुनी वस्तू घेणार असाल तर एवढं करा, मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे.

एकदा एक आजी नातवासाठी आल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अगं, माझी चार पोरं लुगड्याच्या झोळीत वाढली. झोळीत काय बाळ सरळ असतं होय?’ आजींचं निरीक्षण बरोबर होतं. झोळीतही बाळ वाकतंच. मी म्हटलं, आजी, तुमचं खरंय, पण डॉक्टरांना विचारलंत तर ते झोळीलाही नाहीच म्हणतील. ‘मग आम्ही काय सगळं चुकीचंच केलं का?’ असं त्यांनी विचारलं नाही, पण तोंडावर ते होतं. माझ्या कामातला हा सगळ्यांत अवघड क्षण असतो. वाढलेली पोरं समोर दिसतात आणि जी वाढली नाहीत त्यांचा हिशोब कुणी मांडत नाही, हे आजीच्या वयाच्या बाईला कसं सांगायचं? मी सांगितलं नाही. त्यांना बाऊन्सरमध्ये बाहुली घालून दिली आणि मान कशी पडते ते बघा म्हटलं. त्यांनी बोटाने बाहुलीची हनुवटी वर केली, ती पुन्हा खाली आली. ‘हं,’ म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारली. बाऊन्सर नेला त्यांनी. जाताना सुनेला दोनदा बजावलं की झोपला की उचलायचा.

बाऊन्सर ठेवायची जागा जमीन. याला अपवाद नाही. ओट्यावर, टेबलावर, दिवाणावर, कुठेच नाही. गाळ्यात माझ्याकडे एक काचेचं टेबल आहे. त्यावर तळाची रबरं झिजलेला एक बाऊन्सर ठेवून त्यात पाच किलो आट्याची पिशवी बसवते आणि कंपनाचं बटण चालू करते. बोलता बोलता बाऊन्सर कडेकडे सरकलेला असतो. आटा पाय झाडत नाही, बाळ झाडतं. पलंगावर तर दुहेरी धोका. गादी दबते, बाऊन्सर कलंडतो आणि बाळ तोंडावर मऊ गादीत पडतं, वर बाऊन्सरचं वजन. ‘पडलंच तर गादीवर पडेल’ हे ज्याला धीर देतं त्याने हा प्रकार पाहिलेला नसतो.

किती महिने वापरायचा? लेबलवर वजन छापलेलं असतं, पुष्कळ बाऊन्सरवर ९ किलो. लोक ते वाचतात आणि बाळाला काट्यावर ठेवून खूश होतात, अजून दोन किलो बाकी! इथे घोळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात सहा महिन्यांच्या मुलाचं मध्यम वजन ७.९ किलो आहे आणि मुलीचं ७.३. मुलगी वर्षाची होते तेव्हा ८.९ ला पोचते. म्हणजे वजनाच्या हिशोबाने ती वाढदिवसापर्यंत बाऊन्सरमध्ये बसू शकेल! प्रत्यक्षात ती पाचव्या-सहाव्या महिन्यात पुढे वाकून उठू बघते, कूस वळू बघते, आणि त्या दिवशी बाऊन्सरचं काम संपतं. लेबलवर वजनाच्या खाली बारीक अक्षरांत हेही लिहिलेलं असतं, पण आकडा मोठा छापलेला असतो. म्हणून बाऊन्सरला मी मुदतवाढ देत नाही. ‘पैसे देतोय ना!’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी बाळाचा व्हिडिओ पाठवा म्हणते. पाठवतात. व्हिडिओत बाळ स्वतःला वर ओढत असतं आणि मागून कुणीतरी कौतुकाने हसत असतं.

सलग वेळेचंही तसंच. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यात वर्षाच्या आतल्या बाळाला एका वेळी तासाभराहून जास्त कशात बांधून ठेवू नये, आणि जे अजून रांगत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं खेळू द्यावं, असं आहे. तास ही कमाल मर्यादा. माझं मत विचाराल तर बाऊन्सरला वीस मिनिटं खूप झाली. त्यानंतर चटई.

बाऊन्सरवरच्या खेळण्यांच्या दांडीबद्दल थोडं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लोक दांडीवरच्या अस्वलाला ते चिन्ह बघतात आणि अख्ख्या आसनाबद्दल निश्चिंत होतात. चिन्ह अस्वलापुरतं असतं. दांडीचा खरा धोका बटणासारखे सेल. संगीताच्या डबीचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना बघा, कारण गिळलेला सेल अन्ननलिकेला दोन तासांत भाजू शकतो. आणि त्या दांडीला धरून बाऊन्सर उचलायचा नाही; तुटलेल्या दांड्यांचा एक अख्खा खोका माझ्याकडे आहे.

हाय चेअरची मागणी येते ती उष्टावणाच्या आधी. मुलग्याचं सम महिन्यात, मुलीचं विषम, अशी आपल्याकडे रीत. म्हणजे मुलीसाठी कधी कधी पाचव्याच महिन्यात फोन. ‘फोटोपुरती हवी आहे.’ मग फोटो येतो. चांदीच्या वाटीसमोर एका कुशीला कललेलं बाळ, दोन्ही बाजूंनी उशा खुपसलेल्या, मागे जरीचं कापड. ज्या बाळाला बसवायला उशा लागतात, ते बाळ खुर्चीसाठी तयार नाही. मान पक्की हवी आणि थोड्या आधाराने धड सरळ राहायला हवं. तोवर खीर भरवायला मामाची मांडी आहे की. मामाचा मानही राहतो. म्हणून आता अशा वेळी मी भाडं घेत नाही आणि खुर्चीही देत नाही. दोन महिन्यांनी तीच माणसं परत येतात.

खुर्चीत पाय टेकायला जागा आहे का, हे फार कमी लोक बघतात. लोंबकळत्या पायांनी आपणही नीट जेवू शकत नाही. पाय टेकले की धड स्थिर होतं, मग हात आणि तोंड मोकळं. नॉर्वेच्या पेटर ऑप्सविकने १९७२ साली ट्रिप ट्रॅप खुर्ची केली ती हेच धरून. मूल वाढेल तशी बैठक आणि पायाची फळी वरखाली होते. ती खुर्ची महाग आहे. पण पायाखाली फळी हवी हे तत्त्व फुकट आहे, साध्या खुर्चीलाही ती लावून घेता येते. पाठ मागे झुकणारी खुर्ची असेल तर भरवताना ती ताठ करा. मागे रेललेल्या बाळाच्या तोंडात घास गेला की तो घशाकडे आपोआप घरंगळतो.

बाकी सात कामं करणारी, घडी होणारी, झोपाळा बनणारी खुर्ची घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण तिच्या प्रत्येक सांध्यात नाचणीसत्त्व जाऊन बसतं. ठाण्याच्या पावसाळ्यात चार दिवस तसंच राहिलं की आत बुरशी, बाहेर मुंग्या, आणि बोल्टला गंज. घडीचं लॉक याच कारणाने अर्धवट लागायला लागतं. मावशींचं एकच मत आहे. जी खुर्ची बाथरूममध्ये नेऊन नळाखाली धरता येते ती चांगली. मी त्यांच्या मताला किंमत देते, खुर्च्या त्या घासतात.

काही घरांत मी सांगते की हाय चेअर घेऊच नका. ज्या घरात सगळे पाटावर किंवा सतरंजीवर बसून जेवतात, तिथे एकट्या बाळाला तीन फूट उंच बसवून काय साधणार? त्याला बुटकं, रुंद बुडाचं, पट्ट्याचं आसन जमिनीवर द्या. बाळ सगळ्यांच्या ताटाच्या उंचीवर येतं आणि पडलं तर वीतभर उंचीवरून पडतं. प्लास्टिकच्या हलक्या खुर्चीवर बांधायचं बूस्टर सीट मात्र नको, बाळ मागे रेललं की दोन्ही एकदम जातात. हॉटेलातल्या खुर्च्यांचे पट्टे बहुधा तुटलेले किंवा गायब असतात आणि आई ओढणीने बाळाला बांधते. तिथे बाळाला मांडीवर घ्या, डोसा गार झाला तरी चालेल.

हल्ली खुर्ची न्यायच्या आधी मी गिऱ्हाइकाला बाहुलीला पट्टा लावून दाखवायला सांगते. खांद्याचे पदर बाळाच्या मापाला आणायचे, कमरेपाशी दोन बोटं जातील इतकंच सैल ठेवायचं, बकल ‘टक्’ वाजेपर्यंत दाबायचं. शिकलेसवरलेले लोक अडखळतात, वैतागतात. एक इंजिनिअर बाबा म्हणाले, ‘हे जरा किचकट आहे हो.’ म्हटलं, म्हणूनच घरी कुणी लावत नाही; इथे चार वेळा लावा, मग बोटांना सवय होते. त्यांनी लावलं. पुढे त्यांची खुर्ची परत आली तेव्हा बकलच्या खाचेत भाताची शितं वाळून बसली होती. मावशी कुरकुरल्या, मी डिपॉझिट पूर्ण परत केलं.

हाय चेअर आली की पुढचा फोन वॉकरसाठी असतो. चाकांचा, बाळाला मध्ये बसवायचा वॉकर मी ठेवत नाही. कॅनडाने २००४ सालीच त्याची विक्री बंद केली, कारण त्यात बसलेलं बाळ डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जिन्यापर्यंत पोचतं, आणि त्याने मूल लवकर चालतं हेही खरं नाही. आपला लाकडी पांगुळगाडा बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, दमलं की खाली बसतं. तो मी भाड्याने देत नाही, विकते. कारण घेतला की तो घरातून परत येत नाही, पुढच्या भावंडाला लागतो. चाकं सैल झाली तर घेऊन या, बसवून देईन.